वर्गाच्या तळघराला कोणती फरशी?



मागील अंकात कळविल्याप्रमाणे आपला शुक्रवारचा वर्ग सप्टेंबरपासून वरच्या दिवाणखान्यात दाटीवाटीने भरतो आहे. नव्या पालकांसाठी कारण थोडक्यात सांगतो. आपला वर्ग अल वक्रा येथे एका पालकांच्या व्हिलाच्या तळघरात भरत असे. उन्हाळ्याच्या सुटीनंतर तळघराचे दार उघडले, तेव्हा कुबट वासाने सगळे दोन पायऱ्या मागे सरकले. गालिचा हाताला ओलसर लागत होता. ग्रंथालयाच्या कपाटातील खालच्या कप्प्याला काळपट बुरशी आली होती आणि 'किशोर'चे जुने अंक एकमेकांना असे चिकटले होते की पान उलटताना फाटत होते. हे अंक इथे कसे आले आहेत ते आपण जाणतोच. कोणी बॅगेतील लोणच्याची बरणी कमी केली, कोणी चपला. खालचा कप्पा जवळजवळ सगळा टाकून द्यावा लागला. मुलांनी स्वतः लिहिलेली दोन हस्तलिखितेही त्यातच गेली.

गालिचा काढला. खाली नुसती सिमेंटची जमीन निघाली. आता तिच्यावर काय घालायचे, असा प्रश्न आला. घरमालकांनी अर्धा खर्च देण्याचे मान्य केले आहे, पण एकदाच. म्हणजे आपली निवड चुकली, तर पुढच्या सप्टेंबरला उरलेली पुस्तके जातील आणि वर्गालाही नवी जागा शोधावी लागेल. म्हणून आम्ही, काही पालक आणि सातवीच्या पुढची मुले, यांनी दोन महिने या जमिनीचा अभ्यास केला. त्यातून जे समजले ते इथे मांडत आहोत.

पहिल्या बैठकीत प्रत्येकाजवळ एकेक उत्तर तयार होते. लाकडासारखी दिसणारी लॅमिनेट, व्हिनाइलच्या पट्ट्या, संगमरवर, इपॉक्सीचा रंग. एका विद्यार्थिनीची आजी रत्नागिरीहून आली होती. तिने मात्र सरळ विचारले, "अरे, पण पाणी येतंय कुठून?" आम्ही सगळे गप्प झालो. जिथे वर्षाला जेमतेम 75 ते 80 मिलिमीटर पाऊस पडतो, त्या देशात जमीन ओली होते कशी? आजींच्या रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तरीही तिथल्या घराची जमीन कोरडी राहते. त्याचे कारण आजींनीच सांगितले. कोकणात घर बांधताना जांभ्या दगडाचे उंच जोते घालतात, म्हणजे माणूस पाण्याच्या वर राहायला जातो. आपण इथे उलट, जमिनीच्या पोटात उतरलो आहोत.

जमिनीच्या पोटात काय असते हे पाहायला हमद बंदरासारखी दुसरी जागा नाही. आपल्यापैकी तीन-चार घरांतील बाबा तिथेच नोकरीला आहेत, त्यामुळे मुलांना ते बंदर ओळखीचे आहे. वक्रा आणि मेसाईद यांच्यामधील उम्म अल हौलच्या किनाऱ्यावर हे बंदर आहे. डिसेंबर 2016 मध्ये तिथे जहाजे येऊ लागली आणि 5 सप्टेंबर 2017 रोजी त्याचे रीतसर उद्घाटन झाले. हे बंदर समुद्रात भराव टाकून केलेले नाही. किनाऱ्याच्या आत जमीन खणून सुमारे चार किलोमीटर लांब, 700 मीटर रुंद आणि 17 मीटर खोल असे प्रचंड कुंड तयार केले आणि मग त्यात समुद्राचे पाणी सोडले. वरून पाहिले तर ही सगळी जमीन वाळवंटाची, कोरडीठाक. पण या किनाऱ्याला सबखा नावाच्या खारट सपाट जमिनी आहेत. तिथे थोडेसे खणले की खारे पाणी लागते. वर उन्हाने पाणी उडून जाते आणि मिठाचा पापुद्रा मागे राहतो. मेसाईदच्या वाटेवर गाडीतून दिसणारे ते पांढरे चकचकीत पट्टे म्हणजे हेच.

आता हे पाणी वर चढते कसे? मुलांनो, चहाच्या कपात बिस्किटाचे फक्त टोक बुडवून धरा. चहा बिस्किटात वर चढतो, कारण बिस्किटात बारीक बारीक छिद्रे असतात. काँक्रीटही दिसते तितके भरीव नसते. त्यातल्या केसाहून बारीक वाटांनी ओल वर चढते, पृष्ठभागावर आली की वाळते आणि बरोबर आणलेले क्षार तिथेच टाकून जाते. भिंतीच्या किंवा जमिनीच्या कडेला जी पांढरी भुकटी येते तिला मराठीत 'लोणा' म्हणतात. गावाकडे 'भिंतीला लोणा लागला' असे म्हणताना तुम्ही ऐकले असेल. आपल्या तळघराच्या बाहेरच्या भिंतीलगत असा लोणा सापडला. पहिलीतील एका चिमुरड्याने तो चाटून पाहिला आणि 'खारट' असा निकाल दिला. (बाकीच्यांनी हा प्रयोग करू नये.)

मग आम्ही खरा प्रयोग केला. तो इतका सोपा आहे की ज्यांच्या घरी तळघर किंवा खालचा मजला आहे त्यांनी जरूर करून पाहावा. दीड फूट लांब आणि दीड फूट रुंद असा जाड, पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा घ्यायचा, सिमेंटच्या उघड्या जमिनीवर पसरायचा आणि चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करायच्या. निदान 16 तास हात लावायचा नाही. आम्ही शुक्रवारी दुपारी चार ठिकाणी असे तुकडे चिकटवले आणि शनिवारी सकाळी मुले पाहायला आली. तीन तुकड्यांच्या वरच्या बाजूला पाण्याचे बारीक थेंब होते, पण खाली जमीन कोरडी होती. चौथा तुकडा बाहेरच्या भिंतीजवळच्या कोपऱ्यातला. त्याच्या खालच्या बाजूला थेंब होते आणि जमीन काळपट पडली होती.

म्हणजे आपल्याकडे पाणी दोन वाटांनी येत होते. आम्हाला तोपर्यंत एकच वाट आहे असे वाटत होते.

प्लॅस्टिकच्या वर जमलेले पाणी हवेतले होते. ऑगस्ट-सप्टेंबरात इथे समुद्रावरून येणारी हवा किती चिकट असते ते सांगायला नको. त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतील वाफेचे पाणी होऊ लागते तो आकडा, कधीकधी 30 अंशांच्या आसपास जातो. आपले तळघर एअर कंडिशनरने 20-21 अंशांवर ठेवलेले. बाहेरच्या जिन्याच्या दाराखाली बोटभर फट. त्या फटीतून ही हवा आत येत होती आणि गार जमिनीवर तिचे पाणी होत होते. गार सरबताच्या पेल्याला बाहेरून पाणी सुटते तसेच. आजी म्हणाल्या, "आमच्याकडे मिरगाच्या आधी लादीला घाम येतो, तसंच की हे." अगदी तसेच.

कोपऱ्यातले पाणी मात्र खालून येत होते. तिथे भिंतीच्या पलीकडे काय आहे ते पाहायला आम्ही बाहेर गेलो, तर बोगनवेलीचा वाफा! त्याला ठिबकनळीने रोज संध्याकाळी पाणी दिले जात होते आणि नळीचा एक जोड सुटलेला होता. दोहा परिसरात भूजल वर चढणे हा जुना प्रश्न आहे. बागांना दिलेले पाणी, गळके नळ आणि सांडपाणी ही त्यामागची मोठी कारणे मानली जातात. पाऊस नसला तरी माणसे आहेत आणि माणसे पाणी सांडतात. आम्ही वाफा भिंतीपासून दूर हलवला आणि नळी दुरुस्त केली. नोव्हेंबरात तेच चार तुकडे पुन्हा चिकटवले. या वेळी तिन्ही ठिकाणी वर थेंब नव्हते, कारण हवा बदलली होती. कोपरा पहिल्यापेक्षा बरा होता, पण खालून पुसट ओल अजून होतीच. हा प्रयोग एकदाच, तोही हिवाळ्यात केला असता तर आमची चांगलीच फसगत झाली असती.

याच सुमारास सांगलीकडच्या एका पालकांनी हरिपूरच्या पेवांची गोष्ट सांगितली. ती सर्वांना इतकी आवडली की इथे द्यायलाच हवी. पेव म्हणजे धान्य किंवा हळद साठवण्याचे जमिनीखालचे कोठार. सांगलीजवळ कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावरचे हरिपूर (नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांचे गाव) हळदीच्या पेवांसाठी प्रसिद्ध. वरून माणूस जेमतेम उतरेल एवढे तोंड, आत मोठे पोट. खाली उतरण्याआधी पेव उघडे ठेवून आतली कोंडलेली हवा जाऊ द्यावी लागते. त्यात हळद वर्षानुवर्षे टिकत असे, ती मुख्यतः तिथल्या मातीमुळे. त्या मातीत पाणी सहसा पाझरत नाही. पण 2005 च्या महापुरात नदीच गावात आली, पुष्कळ पेवांत पाणी शिरले आणि ती निकामी झाली. आतले सारवण आधी होते तसेच होते, फक्त बाहेरचे पाणी बदलले होते.

तसाच उलटा दाखला बंदरावर नोकरी करणाऱ्या एका बाबांनी दिला. त्यांनी मुलांना विचारले, "कंटेनरची जमीन कशाची असते?" सगळे म्हणाले, लोखंडाची. खरे तर ती प्लायवुडची असते, साधारण 28 मिलिमीटर जाड. समुद्रावरची दमट हवा, कंटेनरच्या छताला आतून येणारा घाम, वरून धावणारी फोर्कलिफ्ट, एवढे सोसून ते लाकूड वर्षानुवर्षे टिकते. कारण ते लोखंडी आडव्या पट्ट्यांवर बसवलेले असते, त्याच्या खाली मोकळी हवा असते आणि मातीशी त्याचा संबंध येत नाही. तेच प्लायवुड आपल्या कोपऱ्यात सिमेंटवर नुसते टाकले, तर ते फुगून कुजेल. याच बाबांनी असेही सांगितले की कंटेनरला घाम सुटला की फरश्यांच्या खोक्यांचा पुठ्ठा लिबलिबीत होतो, पण आतल्या फरशीला काही होत नाही. लॅमिनेटच्या खोक्याला ओल लागली तर माल परत पाठवायची वेळ येते.

आता फरशीकडे वळू.

गालिचा नको, याबद्दल कोणाचेच दुमत नव्हते. लाकूड आणि लॅमिनेटही बाद. लॅमिनेटच्या वरचा चकचकीत थर पाणी सोसतो, पण गाभा लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला असतो. सांध्यातून पाणी आत गेले की कडा फुगतात आणि पुन्हा बसत नाहीत. संगमरवर देखणा असतो, पण तो पाणी पितो आणि खालून आलेल्या क्षारांचे डाग दाखवतो. आपल्या शहाबादी फरशीबद्दल अनेकांना जिव्हाळा आहे, आम्हालाही आहे. कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादच्या या चुनखडीच्या दगडाने महाराष्ट्रातील कितीतरी पिढ्यांच्या ओसऱ्या आणि शाळा सांभाळल्या. पण खारी ओल सतत खालून चढत राहिली तर या दगडाचेही पापुद्रे सुटतात. शिवाय इथे ती मिळवायची कुठे?

इपॉक्सीचा जाड रंग गॅरेजमध्ये छान दिसतो. त्याला खालची जमीन पूर्ण वाळलेली लागते. खालून वाफेचा दाब आला की रंगाला फोड येतात आणि पोपडे निघतात. आपल्या कोपऱ्याचा विचार करता तो धोका घेऊ नये, असे आम्हाला वाटले.

सर्वांत जास्त वाद झाला तो व्हिनाइलच्या पट्ट्यांवर. हल्ली मिळणाऱ्या एसपीसी पट्ट्यांचा गाभा चुनखडीची पूड आणि प्लॅस्टिक यांचा असतो. पाण्याने तो फुगत नाही, पायाला मऊ लागतो, एकमेकीत अडकवून एका दिवसात बसतो आणि स्वस्तही पडतो. निम्मे पालक याच बाजूचे होते आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. ज्यांचे तळघर खालून कोरडे आहे त्यांनी या पट्ट्या खुशाल घालाव्यात. आपली अडचण वेगळी आहे. पट्टीला स्वतःला पाण्याचे भय नाही, पण तिच्याखाली अडकलेल्या ओलीला बाहेर पडायला वाट राहत नाही. वरून सगळे झकास दिसेल आणि खाली बुरशी वाढत राहील. वास आल्यावर कळेल, तोवर पुस्तकांनी तो शोषून घेतलेला असेल.

शेवटी उरली ती व्हिट्रिफाइड म्हणजेच पोर्सलेन फरशी. दुकानात सगळ्याच फरश्या सारख्या दिसतात, म्हणून एक कसोटी लक्षात ठेवावी. खोक्यावर पाणी शोषण्याचे प्रमाण छापलेले असते. पोर्सलेनसाठी ते 0.5 टक्क्याहून जास्त नसावे, असा आंतरराष्ट्रीय मानकाचा नियम आहे. म्हणजे एक किलोची फरशी फार तर पाच ग्रॅम पाणी पिईल. स्नानघराच्या भिंतीला लावतात ती साधी सिरॅमिक टाइल शंभर ग्रॅमहूनही जास्त पिऊ शकते. मुलांनी दोन्हींचे तुकडे स्वयंपाकघरातील काट्यावर तोलले, रात्रभर बादलीत बुडवले आणि पुसून पुन्हा तोलले. पोर्सलेनचा आकडा जागचा हलला नाही. भिंतीच्या टाइलचे वजन एवढे वाढले की पाचवीतील एका मुलीने काटा बिघडला असे जाहीर केले.

फरशी चकचकीत घेऊ नये. घाम आलेल्या गुळगुळीत फरशीवर मुले पडणारच. खडबडीत किंवा मॅट, घसरण-मापनात आर 10 किंवा त्याहून वरची घ्यावी. हेही सांगून ठेवतो की पोर्सलेनलासुद्धा घाम येईल, फरक एवढाच की तो पुसता येईल. तो येऊच नये यासाठी दाराच्या फटीला रबरी पट्टी लावली आहे, एअर कंडिशनर 24-25 अंशांवर ठेवायचे ठरले आहे आणि हवेतील ओल शोषणारे यंत्र एका पालकांनी देऊ केले आहे.

काम करून घेताना गवंडीदादांकडे लक्ष ठेवावे लागते. आधी लोणा तारेच्या ब्रशने कोरडाच झाडायचा. पाण्याने धुतला तर क्षार विरघळून पुन्हा आत जातात. मग सिमेंटयुक्त जलरोधक लेपाचे दोन हात, तोही भिंतीवर वीतभर चढवून. साधा जलरोधक रंग इथे चालत नाही. पाणी मागून ढकलते आणि रंगाचा पापुद्रा सुटतो. फरशीखाली चिकटवण्याचा मसाला सगळीकडे भरलेला हवा, पाच ठिपके देऊन फरशी दाबणे नको. पोकळीत पाणी साठते. बसवून झाल्यावर नाण्याने ठोकून पाहावे, पोकळ आवाज आला तर ती फरशी उचलायला सांगावी. भिंतीलगत चारही बाजूंनी थोडी फट ठेवून वरून फरशीचीच पट्टी लावावी, लाकडी नको.

हिशेब मुलांनी केला आहे. खोली 6 मीटर बाय 5 मीटर, म्हणजे 30 चौरस मीटर. 60 सेंटिमीटरच्या एका फरशीचे क्षेत्रफळ 0.36 चौरस मीटर. 84 फरश्या लागतील. तुटफुटीसाठी दहा टक्के धरून 93. खोक्यात चार येतात, म्हणून 24 खोकी. उरतील त्या टाकून द्यायच्या नाहीत, कारण पुढे त्याच रंगाची छटा मिळेलच असे नाही. आम्ही पाहिलेल्या दुकानात काही खोक्यांवर गुजरातेतील मोरबीचे नाव होते. जून 2017 मध्ये शेजारी देशांनी कतारची वाट अडवली आणि जेबेल अलीमार्गे येणारा माल थांबला, तेव्हा हमद बंदरातून मुंद्रा आणि न्हावा शेवा या आपल्याकडच्या बंदरांना थेट जहाजसेवा सुरू झाली होती. त्या वेळी लहान असलेल्या मुलांना दुकानांतील रिकाम्या फळ्या कदाचित आठवत असतील.

ओल्या कोपऱ्यात कपाट ठेवायचे नाही, असे ठरले आहे. तिथे चपला राहतील. ग्रंथालयाचे नवे कपाट लोखंडी, वीतभर उंच पायांचे आणि आतल्या भिंतीला असेल. खालचा कप्पा रिकामा. बसायला पूर्वीप्रमाणे सतरंज्या. वर्ग सुटल्यावर त्या गुंडाळून वर नेण्याची पाळी दर शुक्रवारी दोन मुलांची राहील. यादी जिन्याच्या दारावर लावली आहे, आपले नाव पाहून घ्यावे.

ज्या पालकांना अजूनही व्हिनाइलच बरे वाटते त्यांनी पुढच्या शुक्रवारी साडेनऊला तळघरात यावे. कोपऱ्यातला प्लॅस्टिकचा तुकडा आम्ही मुद्दाम काढलेला नाही. तो त्यांच्यासमोर उचलू आणि मगच खोक्यांची मागणी नोंदवू.